जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअर झटके देतायत? ‘गिअरबॉक्स गेला’ हे मान्य करण्याआधी एवढं तपासा

मे महिन्यातली सकाळ. नागपूरच्या कळमना मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेहमीसारखी ट्रकची रांग लागली आहे. मिरची, कांदे, आंबे, धान्य असा सगळा माल एकाच वेळी आत शिरायला बघतोय. त्या गर्दीत समजा तुमची बारा-तेरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबायला नको म्हणून सेकंडहँड घेतलेली.

पुढचा ट्रक सरकतो. तुम्ही ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर देता. इंजिनाचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी जागची हलत नाही. दोन सेकंदांनी एकदम धक्का देऊन निघते. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतोच आहे.

संध्याकाळी गाडी गॅरेजला जाते. मिस्त्री एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, “भाऊ, गिअरबॉक्स गेला. सत्तर-ऐंशी हजार धरून चला.” गाडीची बाजारातली किंमतच दीड-दोन लाख असते. घरात चर्चा सुरू होते, दुरुस्त करायची की विकून टाकायची?

पण या दोन पर्यायांच्या आधी एक तिसरी पायरी असते, ती म्हणजे निदान. ऑटोमॅटिक गाडी नीट गिअर बदलत नसेल तर दोष गिअरबॉक्सच्या आतच असेल असं नाही. तो तेलात असू शकतो, एखाद्या सेन्सरमध्ये असू शकतो, बॅटरीच्या सैल टर्मिनलमध्ये असू शकतो, अगदी ब्रेकच्या स्विचमध्येही असू शकतो. या गोष्टी तपासायला फारसा खर्च येत नाही. गिअरबॉक्स उघडायला येतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. तोच आज समजून घेऊया.

आधी ठरवा, तुमची ऑटोमॅटिक नेमकी कोणती?

आपण सगळ्यांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, पण भारतातल्या जुन्या गाड्यांमध्ये चार वेगवेगळे प्रकार सापडतात आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं.

१. टॉर्क कन्व्हर्टर : ही जुनी, पारंपरिक ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेलाने भरलेला कन्व्हर्टर असतो. लिव्हरवर पी, आर, एन, डी आणि त्याखाली २, एल अशी अक्षरं असतात. बऱ्याच गाड्यांत ‘ओव्हरड्राइव्ह’चं छोटं बटणही असतं.

२. सीव्हीटी : यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावर फिरणारा धातूचा पट्टा असतो. गाडी वेग घेताना गिअर बदलल्याची जाणीवच होत नाही.

३. एएमटी : ही मुळात मॅन्युअल गाडीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. भारतात हा प्रकार २०१४ मध्ये मारुती सेलेरिओने आणला. ओळखायची सोपी खूण म्हणजे बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर ‘पी’ नसतो.

४. ड्युअल क्लच : दोन क्लच असलेला गिअरबॉक्स. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांमध्ये तो ‘डीएसजी’ या नावाने ओळखला जातो.

हे ठरवणं का गरजेचं आहे? कारण एएमटीमध्ये गिअर बदलताना गाडी किंचित मान हलवते, ते तिच्या स्वभावातच आहे. तेवढीच हालचाल टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत जाणवली तर तो इशारा समजायचा. आणि सीव्हीटीमध्ये इंजिनाचा आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो, म्हणून ‘गाडी स्लिप होतेय’ असा गैरसमज अनेकांचा होतो.

पुढची बरीचशी माहिती टॉर्क कन्व्हर्टरची आहे, कारण दहा-पंधरा वर्षं जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो. बाकीच्यांचं शेवटी बघू.

आत नेमकं काय चालतं?

एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. या गिअरबॉक्समध्ये तेल हे फक्त वंगण नसतं, सगळं काम तेच करत असतं.

इंजिन सुरू झालं की गिअरबॉक्समधला पंप तेलाला दाब देतो. हा दाब ‘व्हॉल्व्ह बॉडी’ नावाच्या भुलभुलैयासारख्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून फिरतो. तिथे सोलेनॉइड नावाचे छोटे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह असतात. गाडीचा कॉम्प्युटर वेग, ॲक्सिलरेटर आणि तापमान बघून ठरवतो की आता दुसरा गिअर हवा. तो सोलेनॉइडला हुकूम देतो, तेल योग्य वाटेने जातं, आतल्या क्लचच्या चकत्या दाबल्या जातात आणि गिअर बदलतो.

म्हणजे साखळी अशी : सेन्सर, मग कॉम्प्युटर, मग सोलेनॉइड, मग तेलाचा दाब, मग क्लच. यातला कुठलाही दुवा कच्चा झाला तरी गाडीत बसलेल्या माणसाला जाणवतं एकच, ‘गिअर नीट पडत नाही’. आणि गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागतो तो मुख्यतः साखळीच्या शेवटच्या दुव्यासाठी.

लक्षण ओळखा, मग कारणाकडे जा

डी किंवा आर टाकल्यावर गाडी उशिरा घेते. साधारण एका सेकंदात गाडीने ‘पकड’ घ्यायला हवी. दोन-तीन सेकंद लागत असतील तर पहिला संशय कमी झालेल्या किंवा जुन्या तेलावर. तेल ठीक असेल तर आतले रबरी सील कडक झालेले असू शकतात.

आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही. याला स्लिप होणं म्हणतात. तेल कमी असणं, दाब कमी पडणं किंवा क्लचच्या चकत्या झिजणं ही कारणं. हे लक्षण गंभीर आहे. स्लिप होत असताना गाडी चालवत राहिलात तर चकत्या जळतात, आणि तेल भरून सुटणारा प्रश्न ओव्हरहॉलवर जातो.

गिअर बदलताना जोराचा झटका. सोलेनॉइड अडकणं, दाब जास्त होणं ही कारणं आहेतच. पण आधी इंजिनाचं माउंटिंग बघा. माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर साधा गिअर बदलही धडाम वाटतो. थांबलेल्या गाडीत इंजिनाचा आरपीएम नेहमीपेक्षा जास्त असेल तरी डी टाकताना झटका बसतो, आणि त्याचं कारण थ्रॉटल बॉडीवर साचलेला मळ असू शकतो.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. उठायला जड, पुढे वेगही मर्यादित, आणि डॅशबोर्डवर दिवा लागलेला किंवा ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय. हा ‘लिंप मोड’. कॉम्प्युटरला काहीतरी बिघाड दिसला की तो गाडीला मधल्या एका गिअरमध्ये ठेवतो, जेणेकरून तुम्ही गॅरेजपर्यंत पोचाल. घाबरवणारं लक्षण आहे, पण याचं मूळ बऱ्याचदा वायरिंग, सेन्सर किंवा सोलेनॉइडमध्ये निघतं.

वरचा गिअर पडतच नाही. सगळ्यात आधी ओव्हरड्राइव्हचं बटण बघा. चुकून दाबलं गेलं की ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा लागतो आणि गाडी शेवटचा गिअर घेत नाही. खरंच, एवढंच कारण असू शकतं. ते नसेल तर इंजिनाचा थर्मोस्टॅट किंवा तापमानाचा सेन्सर बघा. इंजिन थंडच आहे असं कॉम्प्युटरला वाटत राहिलं तर तो वरचा गिअर द्यायचं टाळतो.

५०-७० च्या वेगात बारीक थरथर. हलका ॲक्सिलरेटर दिलेला असताना रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला ‘लॉक-अप’ क्लच नीट धरत नसेल तर असं होतं. जुनं तेल हे त्याचं नेहमीचं कारण. मात्र खराब स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइलमुळेही अगदी अशीच थरथर येते. म्हणून प्लग तपासल्याशिवाय गिअरबॉक्सला दोष देऊ नका.

लिव्हर पी मधून निघतच नाही. ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर सुटू नये यासाठी कुलूप असतं. ब्रेक दाबल्याचं त्याला ब्रेकच्या स्विचवरून कळतं. कुणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागत नसतील तर स्विच किंवा फ्यूज गेलाय, गिअरबॉक्सचा काही संबंध नाही.

पुढे जाते, रिव्हर्स घेत नाही. किंवा उलट. तेल बरोबर असूनही एकाच दिशेचा प्रश्न असेल तर त्या दिशेच्या क्लचचा किंवा त्याच्या दाबाचा दोष असतो. इथे गिअरबॉक्स उघडावा लागण्याची शक्यता खरी आहे.

थंड असताना की गरम झाल्यावर?

मिस्त्रीने हा प्रश्न विचारला नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा, कारण अर्धं निदान याच्यात आहे.

त्रास सकाळी पहिल्या दहा मिनिटांत होतो आणि मग निघून जातो? मग सील कडक झालेले असू शकतात. गरम झाल्यावर रबर थोडं फुगतं आणि गळती तात्पुरती थांबते.

सकाळी गाडी छान, पण तासभर गर्दीत चालवली की स्लिप व्हायला लागते? मग तेल गरम होऊन पातळ होतंय आणि कुठूनतरी दाब निसटतोय. कधी कूलिंगही कमी पडत असतं.

गरम-थंडाचा काही संबंध नाही, कधीही अचानक होतं आणि गाडी बंद करून सुरू केली की बरं वाटतं? मग संशय इलेक्ट्रिकलवर.

नागपूरचं ऊन आणि कळमन्याची गर्दी

गिअरबॉक्समधलं तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियसवर आरामात काम करतं. ते १२० च्या वर वारंवार जायला लागलं की लवकर खराब होतं, आणि त्यासोबत सील आणि चकत्यांचंही आयुष्य कमी होतं.

आता विचार करा. बाहेर ४४-४५ अंश, एसी चालू, आणि गाडी पाच फूट सरकून पुन्हा थांबतेय. टॉर्क कन्व्हर्टर सर्वांत जास्त उष्णता याच स्थितीत तयार करतो, कारण इंजिन फिरत असतं आणि चाकं जवळपास थांबलेली असतात. त्या धडपडीची सगळी ऊर्जा तेलात उष्णता होऊन उतरते.

हे तेल थंड करायचं काम बहुतेक गाड्यांत रेडिएटर करतो. गिअरबॉक्सच्या दोन नळ्या रेडिएटरच्या टाकीत जातात. त्यामुळे रेडिएटरच्या जाळ्या बुजल्या की इंजिनासोबत गिअरबॉक्सही तापतो. बाजाराच्या परिसरात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या जाळ्यांमध्ये धूळ, भुसा, पोत्यांचे धागे असं बरंच काही अडकतं. वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, त्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुऊन घ्या. प्रेशर जास्त ठेवलं तर जाळ्यांच्या पात्या वाकतात.

रेल्वे फाटकावर किंवा मोठ्या जाममध्ये मिनिटभराहून जास्त थांबायचं असेल तर एन मध्ये टाकून हँडब्रेक लावा. मात्र चालत्या गाडीत ‘तेल वाचेल’ म्हणून एन मध्ये टाकू नका. त्याने वाचत काही नाही, आणि गाडीवरचा ताबा कमी होतो.

घरी काय तपासता येईल?

१. व्हिडिओ काढा. मिस्त्रीसमोर गाडी नेमकी नीट चालते, हा सगळ्यांचा अनुभव. त्रास होतो तेव्हा आरपीएम आणि वेगाचे काटे दिसतील असा व्हिडिओ शेजारी बसलेल्या माणसाने काढावा. चालवणाऱ्याने मोबाइलला हात लावायचा नाही.

२. तेल बघा. गिअरबॉक्सला डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी उभी करा. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून, ब्रेक दाबून, लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून मग पी मध्ये पातळी बघतात. होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात बघायची असते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं तेच अंतिम.

तेलाचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी असेल तर बदलायची वेळ झाली. काळं आणि जळका वास असेल तर आतल्या चकत्या जळाल्यात. दुधी किंवा स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसत असेल तर तेलात पाणी किंवा कूलंट गेलंय. ही शेवटची अवस्था असेल तर गाडी तिथेच थांबवा.

डिपस्टिकच नसेल तर हा उद्योग घरी करू नका. अशा गाड्यांत लिफ्टवर चढवून, ठरावीक तापमानाला, खालचा बोल्ट उघडून पातळी बघावी लागते.

३. गळती शोधा. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी लालसर किंवा तपकिरी डाग दिसला तर गळती आहे. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, गिअरबॉक्सचं जळून संपत नाही. ते कमी झालं म्हणजे कुठूनतरी बाहेर गेलंच. नुसतं वरून भरून घेतलं तर काही दिवसांनी परत तीच गोष्ट.

४. बॅटरी बघा. गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास हवेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल किंवा ते हाताने हलत असेल तर आधी ते साफ करून घट्ट करा. व्होल्टेज खाली-वर झालं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गोंधळतो.

५. कोड वाचा. स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. भारतात बीएस-४ गाड्यांसाठी २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झालं, पण त्याआधीच्याही अनेक गाड्यांत सॉकेट सापडतं. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर लावून मोबाइलवर कोड दिसतात.

पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ फक्त ‘गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंद आहे’ एवढाच. खरा कोड त्याच्या सोबत असतो. पी०७०५ लिव्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या स्विचचा, पी०७१० तेलाच्या तापमानाच्या सेन्सरचा, पी०७१५ आणि पी०७२० वेग मोजणाऱ्या सेन्सरचे. पी०७४० च्या आसपासचे लॉक-अपचे आणि पी०७५० पासून पुढचे सोलेनॉइडचे. पी०७३० म्हणजे कॉम्प्युटरने सांगितलेला गिअर आणि प्रत्यक्षातला वेग यांचा मेळ बसत नाही, म्हणजे बहुधा स्लिप.

लक्षात ठेवा, कोड हा आरोपीचं नाव सांगत नाही, कुठल्या गल्लीत शोधायचं ते सांगतो. पी०७१५ आला म्हणून सेन्सर बदलायला धावू नका. आधी त्याची वायर आणि कनेक्टर बघा. आणि कोड ‘क्लिअर’ करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. काहीच दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये एकदा तपासणी करून घ्या.

काय घरी करू नये?

यूट्यूबवर ‘स्टॉल टेस्ट’ सापडेल. ब्रेक दाबून डी मध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा. काही सेकंदांत तेल प्रचंड तापतं आणि ब्रेक सुटला तर गाडी समोर उडी घेते. हे जाणकार मिस्त्रीचं काम आहे. तसंच सीलमधली गळती थांबवणारं ‘जादूई’ औषध ओतून निदान होत नाही, लक्षणं तेवढी झाकली जातात.

तेल बदलावं की नाही?

‘जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो बंद पडतो’ हे तुम्ही ऐकलं असेल. त्यामागे थोडं तथ्य आहे. लाखभर किलोमीटर तेल बदललंच नसेल, तर झिजलेल्या चकत्यांची पूड तेलात मिसळलेली असते आणि तीच थोडीफार पकड देत असते. नवं स्वच्छ तेल आलं की ती पकड जाते. म्हणजे गिअरबॉक्स नव्या तेलाने मेला नाही, तो आधीच झिजलेला होता.

मग करायचं काय? गाडी अजून स्लिप होत नसेल, तर मशीनने जोरात फ्लश करण्यापेक्षा साधं ‘काढा आणि भरा’ करावं. एका वेळी सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही मिस्त्री थोड्या किलोमीटरच्या अंतराने दोन-तीन वेळा बदलतात. फिल्टर बदलता येत असेल तर सोबत बदलावा.

कंपनीने ‘लाइफटाइम’ तेल म्हटलं असलं तरी गर्दी आणि उष्णतेत चालणाऱ्या गाडीत ४० ते ६० हजार किलोमीटरला ते बदलणं शहाणपणाचं. आणि तेल नेमकं तेच हवं. टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१, ह्युंदाईच्या अनेक जुन्या चार-स्पीड गाड्यांचं एसपी-३, ही सगळी वेगवेगळी आहेत. सीव्हीटीचं तर पूर्ण वेगळं. ‘सगळ्यांना चालतं’ असं सांगणाऱ्या डब्यापासून सावध राहा.

तेल काढल्यावर खालच्या पॅनमधले लोहचुंबक बघायला मागा. त्यावर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे तुकडे किंवा काळ्या चकतीचे कपचे असतील तर आता मात्र गिअरबॉक्स उघडायची वेळ आली.

सेकंडहँड घेत असाल तर २०२३ चा पूर आठवा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिमुसळधार पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि घरांसमोर उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकते, ही शक्यता कुठल्याही शहरात पुरानंतर असतेच.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हवा येण्या-जाण्यासाठी छोटं तोंड असतं. गाडी पुरेशी बुडाली तर तिथून पाणी आत जातं. क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं, आणि पाण्यामुळे ते सुटायला लागतं. असा गिअरबॉक्स काही आठवडे ठीक चालून मग बसू शकतो.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला जाताना गाडी थंड असतानाच पोचा, आधीच सुरू करून ठेवलेली नको. तेल बघा, सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाचे डाग बघा, विम्याच्या क्लेमची माहिती मागा आणि किमान अर्धा तास, थोडं गर्दीतून, थोडं मोकळ्या रस्त्यावर चालवा.

एएमटी, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच

एएमटीमध्ये सगळ्यात आधी झिजते ती क्लच प्लेट. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवायची सवय असेल तर लवकरच. अनेक एएमटी गाड्यांत गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचं वेगळं हायड्रॉलिक तेल असतं, त्याची पातळी बघा. क्लच बदलल्यावर स्कॅनरने कॉम्प्युटरला नव्या क्लचची ‘ओळख’ करून द्यावी लागते. ती राहिली तर नवा क्लचही झटके देतो.

सीव्हीटीमध्ये वेगाबरोबर वाढणारी घरघर किंवा निघताना थरथर जाणवली तर तेल तातडीने तपासा. पट्टा पुलीवर घसरायला लागला की दोघांवर ओरखडे पडतात आणि मग दुरुस्ती महागात जाते.

कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सला रांगत चालणारी गर्दी सोसत नाही. या प्रकारातल्या तक्रारी जगभर गाजल्या. मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनने डीएसजी गिअरबॉक्सच्या कारणावरून ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत मागवल्या होत्या. अशी गाडी वापरत असाल तर पुढे चांगली जागा झाल्यावरच सोडा, इंच-इंच सरकवत राहू नका.

मिस्त्रीला काय विचारायचं?

भांडायची गरज नाही. पाच प्रश्न पुरतात.

१. स्कॅनरवर कोणते कोड आले? फोटो द्याल का?
२. तेलाची पातळी आणि रंग बघितला का?
३. माउंटिंग, बॅटरी, प्लग आणि वायरिंग तपासलं का?
४. तेलाचा दाब गेज लावून मोजला का?
५. उघडायचाच असेल तर अंदाजपत्रक लेखी द्याल का, आणि काढलेले जुने पार्ट परत मिळतील का?

चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. “उघडल्याशिवाय काहीच सांगता येत नाही” हे उत्तर पहिल्या पाच मिनिटांत मिळालं तर दुसरीकडे दाखवा. पैसे देऊनही काम झालं नाही आणि गॅरेज दाद देत नसेल, तर बिल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग असतो.

गाडी कधी लगेच थांबवायची?

स्लिप होतेय, जळका वास येतोय, तेल दुधी झालंय किंवा गाडी मध्येच पकड सोडतेय, यातलं काहीही असेल तर चालवत गॅरेजला नेऊ नका. वळण घेताना किंवा रेल्वे फाटकावर गाडीने पकड सोडली तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

आणि टोचन करून ओढत नेऊ नका. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही, पण चाकांबरोबर आतले भाग फिरतात, तेही कोरडे. फ्लॅटबेड बोलवा किंवा इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती चाकं उचलून न्या. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारूनही सुरू होत नाही, त्यामुळे तो प्रयत्नही नको.

दुरुस्ती की विक्री?

सगळं तपासून झाल्यावरही गिअरबॉक्स उघडायचाच निघाला, तर मग हिशोब करा. गाडीचं वय बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर फिटनेस तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवावी लागते. त्या टप्प्याजवळ असाल तर तो खर्चही धरा. इंजिन, बॉडी, सस्पेन्शन चांगलं असेल आणि ओव्हरहॉलला लेखी वॉरंटी मिळत असेल तर दुरुस्ती परवडू शकते. गंजलेल्या गाडीत मोठा पैसा घालण्यात अर्थ नाही. विकायची ठरवली तर घेणाऱ्याला दोष सांगून विका. उद्या तीच गाडी घेऊन दुसऱ्या कुणाचे तरी बाबा ट्रकच्या रांगेत अडकणार आहेत.

पण हा हिशोब शेवटी करायचा. आज संध्याकाळी फक्त एक काम करा. गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि उद्या सकाळी त्यावर डाग आहे का ते बघा.